पांढरी तबकडी

दुर्बिणींचं दुकान वरच्या मजल्यावर होतं आणि जिना अरुंद होता, म्हणून चढताना दादाने आपला हात छोट्याच्या खांद्यावर ठेवला होता. छोट्या म्हणायला छोट्या. केस पिकले होते, एक गुडघा कुरकुरत होता, आणि ज्या दुकानात तो लोकांच्या फोटोंना चौकटी करून द्यायचा तिथली गिऱ्हाइकं त्याला काका म्हणू लागूनही बराच काळ लोटला होता. पण दादासाठी तो छोट्याच. खांद्यावरचा तो हात अगदी हलका होता, आणि छोट्याला तेच सोसत नव्हतं. नजर जात चाललेला माणूस आधारासाठी हात टाकतो तेव्हा त्यात थोडी भीती असते, थोडा भार असतो. दादाच्या हातात नुसता विश्वास होता.

"अजून किती पायऱ्या?"

"संपत आल्या."

"मघापासून संपतच आल्यात. तुझ्या भरवशावर राहिलो तर थेट स्वर्गात पोचेन मी."

दादाची सगळी नोकरी जमीनमोजणीत गेली होती. उन्हातान्हात तिपाईवरच्या काचेला डोळा लावून लोकांच्या बांधांचे कोपरे शोधायचे, हे त्याचं काम. निवृत्त झाल्यावरही काच सुटली नाही. फक्त तिपाईच्या जागी रायफल आली. सुट्टीच्या दिवशी दोघे भाऊ गावाबाहेरच्या रेंजवर जायचे. लांब पल्ल्याची नेमबाजी, म्हणजे टार्गेट इतकं दूर की नुसत्या डोळ्यांना ते पोस्टाच्या तिकिटाएवढं दिसावं. एकाने या टोकाला पालथं पडून नेम धरायचा आणि दुसऱ्याने त्या टोकाला, मातीच्या उंच बांधामागे खणलेल्या चरात बसायचं, ही तिथली रीत. गोळी डोक्यावरून गेली की चरातल्या माणसाने टार्गेटची चौकट दोरीने खाली ओढायची, भोक शोधायचं, त्या भोकात चुना लावलेली पांढरी तबकडी खोचायची आणि चौकट पुन्हा वर सारायची. नेम धरणाऱ्याला दुर्बिणीतून ती तबकडी दिसते आणि त्यावरून कळतं, आपली गोळी कुठे लागली. तबकडीखेरीज दुसरा साक्षीदार नसतो.

चुन्याने बोटं पांढरी व्हायची. परतल्यावर डबा उघडताना दादा दरवेळी म्हणायचा, "हात धू आधी. पांढरं लागलंय." लहानपणी आई जशी म्हणायची, अगदी तस्सं.

गेल्या हिवाळ्यानंतर ते रेंजवर गेले नव्हते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. तो नजर कडेकडेने कुरतडत आणतो, म्हणाले, आणि माणसाला पत्ता लागत नाही. एक डोळा गेलाच होता. दुसऱ्यात कवडशाएवढी नजर शिल्लक होती, तेवढी ऑपरेशन करून राखता येण्यासारखी होती. "थोडं आधी का नाही आलात?" असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा वहिनीने खाली पाहिलं होतं आणि छोट्याने दाराकडे.

दादा ऑपरेशनला तयार नव्हता. "डोळा ठीक आहे, काच जुनी झालीय," असं त्याचं एकच टुमणं. "उत्तम काच उजेड गोळा करते. माझ्याकडे उजेडच कमी पडतोय, बाकी काही नाही." शेवटी वहिनीनेच छोट्याला बाजूला घेतलं होतं.

"भाऊजी, त्यांना घेऊन जा त्या दुकानात. चांगल्यातली चांगली दुर्बीण डोळ्याला लावू देत. तिच्यातूनही दिसत नाही हे त्यांचं त्यांना कळलं, म्हणजे ऑपरेशनला निघतील. मी सांगून दमले. तुमचं ऐकतात ते."

"माझं कुठे ऐकतो?"

"तुमच्यावरच तर सगळं आहे त्यांचं," वहिनी म्हणाली होती, आणि डोळ्यांना पदर लावून आत गेली होती.

दुकानदार गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस होता. दादाचं पाऊल उंबऱ्याला अडखळलं ते त्याने पाहिलं आणि छोट्याकडे एकदा बघून घेतलं. मागच्या गॅलरीत त्याने एक भक्कम टेबल मांडलं होतं आणि त्यावर दुर्बीण बसवायला लोखंडी शिकंजा. समोर घरांची छपरं, त्यांच्यापलीकडे मोकळं माळरान, आणि त्याच्या पार टोकाला पाण्याची एक जुनी टाकी. टाकीच्या भिंतीवर गिऱ्हाइकांना पाहण्यासाठी त्याने काळं वर्तुळ रंगवून घेतलं होतं.

"ही पहिली. मधल्या दर्जाची," तो म्हणाला. "किंमत आत्ता विचारू नका. किंमत आमच्याकडे बसल्यावर सांगतो, उभ्याउभ्या ऐकून लोक पडतात."

"आम्ही दोघं आहोत. एक पडला तर दुसरा धरेल," दादा म्हणाला.

आधी छोट्याने पाहिलं. टाकी जवळ आली, भिंतीवरच्या भेगा दिसल्या, काळं वर्तुळ आणि त्याच्या मधोमध दुर्बिणीतली बारीक फुली. तिथे चिटपाखरूही नव्हतं. मग त्याने दादाला खुर्चीवर बसवलं, हनुवटी टेकवून दिली, कवडशाचा तो डोळा काचेपासून नेमक्या अंतरावर आणला. दादा बराच वेळ हलला नाही. छोट्या मनातल्या मनात वाक्य जुळवत राहिला, की काही दिसत नाही म्हणाला तर आपण काय बोलायचं, कसं बोलायचं.

"कोणीतरी आहे तिथे," दादा म्हणाला.

दुकानदाराने डोळे बारीक करून टाकीकडे पाहिलं. "असेल. टाकीवरचा माणूस येतो कधीमधी."

"टाकीवर नाही. खाली. अंधुक आहे जरा. दुसरी दाखवा."

छोट्याने पुन्हा डोळा लावला. भिंत, भेगा, वर्तुळ. आत्मसन्मान असलेला माणूस आहे, परक्यासमोर हार मानायची नाही म्हणून बोलला असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि त्याला दादाची इतकी दया आली की त्याला स्वतःचाच राग आला.

दुसरी दुर्बीण जाड नळीची होती. बाजूला एक नॉब होता. तो फिरवला की धूसर असलेलं एकदम स्वच्छ होई. दुकानदार शिकंजा आवळत बोलत होता. "स्वस्त काच लाड करते, साहेब. कडेला रंग फासते, सगळं गोडगोड दाखवते. चांगली काच लाड करत नाही. जे आहे ते दाखवते."

दादाने नॉबवर बोटं ठेवली आणि हळूहळू फिरवला, जमीन मोजताना फिरवायचा तसा, श्वास धरून.

"पाठमोरा आहे," तो म्हणाला. "खाली बसलाय. आपल्या चरात बसतात ना, तसा. करडा स्वेटर घातलाय. कोपराला ठिगळ आहे." मग तो हसला. "तुझ्यासारखाच दिसतो रे मागून. तोच पोक."

छोट्याचा करडा स्वेटर घरी खुंटीला होता. कोपराचं ठिगळ छोट्याने स्वतः लावलं होतं, तेही गेल्या हिवाळ्यात, एकटा बसून. दादाने ते पाहिलं असण्याची शक्यता नव्हती. तोवर दादाला ताटातली वाटीही चाचपावी लागत होती.

"तुला दिसतो ना?" दादाने विचारलं.

दुकानदाराने तोंड उघडलं. छोट्याने त्याचा दंड दाबला. वहिनीचे शब्द त्याच्या कानात होते, कशासाठी आलो आहोत ते त्याला पक्कं ठाऊक होतं, एक 'नाही' म्हणायचा अवकाश होता. पण दादाने मान वळवली होती आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळलेला होता, आणि तो चेहरा छोट्याने पूर्वी फार वेळा पाहिला होता.

"हो," छोट्या म्हणाला. "दिसतो."

दुकानदार सगळ्यात वरची दुर्बीण आणायला आत गेला. ती कुलपात असते, म्हणाला. जाता जाता त्याने छोट्याला दाराशी थांबवून हळूच सांगितलं, "अहो, तिथे कोणी नाही. मला विकायचंय हे खरं, पण असं विकून मला घास गोड लागायचा नाही." छोट्या गॅलरीत परत आला आणि कठड्याला टेकून उभा राहिला.

रेंजवर पहिल्यांदा ते झालं तेव्हा फार विचार करून झालं नव्हतं. दादाचे नेम काही दिवस चुकत होते. त्या दिवशी तो उदास होता, चालतानाही गप्प. गोळी डोक्यावरून गेली, छोट्याने चौकट खाली ओढली आणि पाहिलं तर भोक पार कडेला, कागद संपतो तिथे. त्या भोकातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. तो तबकडी हातात घेऊन क्षणभर बसला. मग त्याने त्या भोकावर कागदाचा तुकडा चिकटवला आणि तबकडी मध्यात खोचली. चौकट वर गेल्यावर खूप लांबून, वाऱ्यावरून, दादाची आरोळी आली. बांधाच्या फटीतून छोट्याने पाहिलं, तर दादा उठून उभा राहिला होता आणि त्याने हात वर केला होता.

त्यानंतर दरवेळी. पुढे पुढे तर कागदावर भोकच सापडेनासं झालं, तरी तबकडी मध्यात जातच राहिली. घरी दादा दाराच्या चौकटीला धडकायचा, चहा कपाबाहेर ओतायचा, वहिनी म्हणायची, डोळे दाखवून या, आणि दादा म्हणायचा, "अगं, डोळे गेले असते तर तबकडी मध्यात लागली असती का? विचार छोट्याला." वहिनी छोट्याकडे बघायची. छोट्या खाली मान घालून जेवायचा.

"दादा," छोट्या आत्ता म्हणाला.

"काय रे?"

खाली रस्त्यावर कोणीतरी मोटार सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

"काही नाही. ऊन लागतंय का तुला?"

"नाही. छान आहे."

तिसरी दुर्बीण काळी, जड आणि साधी होती. तिच्याबद्दल दुकानदार एक शब्दही बोलला नाही. त्याने ती शिकंज्यात बसवली आणि तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. दादाने डोळा लावला. नॉब किंचित फिरवला. मग तो इतका स्तब्ध झाला की छोट्याने त्याचा श्वास चालू आहे का ते पाहिलं.

"टार्गेट खाली ओढलंय त्याने," दादा म्हणाला. आवाज शांत होता. "भोक शोधतोय. सापडलं. कडेला आहे, छोट्या. पार कडेला. भोकातून आभाळ दिसतंय."

"आणि?" हे कोण बोललं ते छोट्याला कळलं नाही, बहुधा तोच बोलला होता.

"तबकडी हातात धरून बसलाय."

मग दादा मागे सरला, डोळ्याच्या कोपऱ्यातलं पाणी त्याने बोटाने पुसलं आणि दुकानदाराला म्हणाला, "हीच द्या."

घरी दुर्बीण खिडकीत बसली. दादाने तिपाई काढायला लावली, ती जुनी मोजणीची. ही खिडकी टाकीच्या बाजूला नव्हतीच. समोर रिकामा भूखंड आणि त्याच्यापलीकडे एका गोदामाची लांबलचक आंधळी भिंत, एवढंच होतं. छोट्याने हायसं वाटून हे दादाला सांगितलंही. दादा नॉब फिरवत म्हणाला, "हो का? पण तो इथेही आहे."

रोज दुपारी दादा खिडकीशी बसू लागला. छोट्या चौकटींचं दुकान बंद करून आला की दारातच त्याला बातमी मिळे. "अजून बसलाय. तबकडी हातातच आहे." पाऊस असला तर, "भिजतोय बिचारा." वारं सुटलं तर, "त्याला थंडी वाजत असेल रे. किती वेळ बसणार माणूस एका जागी?" यात टोमणा होता की काय, ते छोट्या आवाजात शोधत राही. टोमणा नसे. नुसती माया असे, आणि ती त्याला रात्री अंथरुणात टोचत राही.

दुकानात मात्र त्याचे हात बिघडले. काटकोन जुळेनात. एका बाईंनी आपल्या मुलाच्या फोटोची चौकट परत आणली आणि म्हणाल्या, "काका, फोटो मधोमध नाही बसलाय, कडेला गेलाय बघा." छोट्याने पाहिलं. त्याने तीनतीनदा मोजून बसवला होता.

डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला. दादा जाईना. "एवढं लांबचं मला दिसतंय, छोट्यालाही दिसतंय, मग डोळ्यावर सुरी कशाला चालवून घेऊ?" हे तो वहिनीला हसत हसत म्हणाला. वहिनी हसली नाही. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी छोट्या आला तेव्हा तिने त्याला जिन्यातच गाठलं.

"भाऊजी, एक विचारू? तुम्हाला खरंच दिसतो तो माणूस?"

"नाही, वहिनी."

"मग हो का म्हणालात?"

ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्याला वाटलं की ती या एका 'हो'बद्दल विचारत नाही, जेवताना खाली घातलेल्या त्या सगळ्या मानांबद्दल विचारते आहे.

"उद्याचा दिवस गेला तर डॉक्टर पुन्हा हात लावणार नाहीत म्हणालेत," ती हळू म्हणाली. "आज सांगा त्यांना. माझ्यासाठी."

दादा खिडकीत होता. ऊन तिरपं येऊन त्याच्या पांढऱ्या केसांवर पडलं होतं. छोट्या शेजारी स्टुलावर बसला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात, हातात फडकं घेऊन उभी राहिली.

"दादा, तिथे कोणी नाही."

दादाचा डोळा काचेवरच होता.

"त्या दिवशी दुकानातही नव्हतं. मी उगाच हो म्हणालो. तुला बरं वाटावं म्हणून."

"उगाच?"

"हो."

दादाने डोळा काचेवरून काढला आणि चेहरा छोट्याकडे वळवला. त्याची नजर छोट्याच्या कानाच्या जरा बाजूला, भिंतीवर कुठेतरी थांबली. "आणखी कधी उगाच हो म्हणालास?" त्याने विचारलं. अगदी मऊ आवाजात, जसं एखाद्याला काय खाणार म्हणून विचारावं.

दादाने थोडी वाट पाहिली. मग तो खुर्चीतून बाजूला सरकला.

"बघ एकदा," तो म्हणाला. "नीट बघ. नॉब फिरव. आणि आहे ते सांग. तू सांगशील तसं करू. कोणी नसेल तर उद्या जातो मी डॉक्टरांकडे."

छोट्याने डोळा लावला. गोदामाची भिंत, गिलावा उडालेला, एका जागी ओल आलेली. त्याने मोकळा श्वास सोडला आणि दादाचं मन राखायचं म्हणून नॉब थोडा फिरवला. भिंत विरघळल्यासारखी धूसर झाली. तो थांबला असता तर बरं झालं असतं. त्याने आणखी जरासा फिरवला, आणि धूसरातून आधी ठिगळ वर आलं, मग कोपर, मग पोक काढलेली ती पाठ. समोर खाली ओढलेली चौकट. कागदाच्या कडेला एक भोक, आणि त्यातून आभाळाचा निळा ठिपका. त्या माणसाच्या उजव्या हातात तबकडी होती. इतक्या लांबून छोट्याला त्याच्या बोटांचा गारठा कळत होता.

"काय दिसतंय?" दादाने विचारलं.

दारातलं फडकं हलायचं थांबलं होतं.

आहे म्हणावं, तर उद्याचा दिवस जाणार, तो शेवटचा कवडसाही जाणार. आयुष्यात पहिल्यांदा दादाला खरं सांगायची वेळ आली होती आणि ते खरं त्याला कायमचं आंधळं करणार होतं. काचेतला हात भोकाकडे निघाला, अर्ध्यात थांबला.

"कोणी नाही, दादा," छोट्या म्हणाला. "नुसती भिंत आहे."

काचेतल्या माणसाने मान किंचित वळवली, मागून कोणी हाक मारल्यासारखी. मग तो पुन्हा पुढे वाकला, भोकावर त्याने कागदाचा तुकडा चिकटवला आणि तबकडी मध्यात खोचली. चौकट सावकाश वर जाऊ लागली. छोट्याने डोळे मिटले.

"बरं," दादा म्हणाला. "तू म्हणतोस तर नसेल. जाऊ उद्या."

वहिनी आत वळली. तिच्या हुंदक्याचा आवाज आला आणि लगेच भांड्यांचा. तिने ताटं घ्यायला सुरुवात केली होती. दादाने उठायला हात पुढे केला, छोट्याने तो धरला. दादा उभा राहिला, पण त्याने हात सोडला नाही. छोट्याचा पंजा त्याने दोन्ही हातांत घेतला, उलटा केला आणि उजेडाकडे धरला.

"हात धू आधी," तो म्हणाला. "पांढरं लागलंय."